गॅसच्या रांगेतला चहा

सैदमुराद दोमलांच्या आकाशी मोटारीला पेट्रोल पाजून भागत नसे, जेवू घालावं लागे. सकाळी कट्टाकुर्गानहून निघताना एकदा, संध्याकाळी समरकंदहून परतताना एकदा, अशी ती दोन वेळा पोटभर जेवायची आणि वाटेत चढ लागला की हावरट पाहुण्यासारखी अजून काही आहे का म्हणून बघायची. सोव्हिएत राज्य गेलं, त्याचे पुतळे गेले, रस्त्यांची नावं बदलली. ही मोटार तेवढी मागे राहून गेली होती. दोमला म्हणजे मास्तर; तिच्यातून ते रोज समरकंदच्या कॉलेजात भूगोल शिकवायला जात. जगातल्या मोठमोठ्या नद्यांची लांबी त्यांना तोंडपाठ होती; पण महिनाअखेरीला पंपावर उभे राहिले की घरापासून कॉलेजापर्यंतचा रस्ता त्या सगळ्या नद्यांहून लांब वाटे.

हिवाळ्याच्या तोंडावर एक दिवस प्राचार्यांनी त्यांना बोलावलं.

"दोमला, तुमचा अर्धा पगार धुराड्यातून जातो म्हणे. वसतिगृहात एक खोली रिकामी झालीय. आठवडाभर इथेच राहा, सुट्टीला घरी जा. हीटर आहे खोलीत. फक्त नव्या वर्षाच्या आत सांगा, नंतर ती दुसऱ्याला जाईल."

"विचार करतो," दोमला म्हणाले.

खरं तर विचार करण्यासारखं काही नव्हतंच. दोमलांना तिथे राहायचं नव्हतं. का नव्हतं, ते मात्र मिशा पांढऱ्या झालेल्या माणसाने कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी घरी पोचलं की बायको, महफुझा, दस्तरखान अंथरायची, नान तोडून पुढे ठेवायची, चहाचा पहिला पियाला तीनदा किटलीत परत ओतायची आणि मग दोमलांच्या पियाल्यात तळ झाकेल एवढाच चहा घालायची. त्या मुलुखात जितका कमी ओतावा तितका मान मोठा. कमी ओतला म्हणजे पुन्हा मागा, पुन्हा ओतते, उठू नका. काठोकाठ भरलेला पियाला पुढे आला की पाहुण्याने समजून टोपी शोधावी. लग्न होऊन मुलं मोठी झाली, थोरली नर्गिझा ताश्कंदला सासरी गेली, धाकटा शिकायला गेला, पण दोमलांच्या पियाल्यातला चहा काही कधी वर चढला नव्हता. त्या तळच्या घोटासाठी माणूस रोज एवढा रस्ता तुडवतो, हे प्राचार्यांना कसं सांगणार?

त्या संध्याकाळी त्यांनी उगाच हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगितलं, "खोली देतायत समरकंदला. हीटर आहे म्हणे."

त्यांना वाटलं, महफुझा म्हणेल, काही नको. महफुझा थोडा वेळ किटलीच्या तोटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "राहा की. सोय होईल तुमची." आणि तिने पियाला भरला. काठोकाठ.

दोमलांनी तो पियाला दोन्ही हातांनी उचलला, कारण एका हाताने सांडला असता. चहा त्यांनी संपवला. चवीबद्दल ते काही बोलले नाहीत.

पेट्रोलच आपला संसार मोडतंय, हे त्यांनी त्या रात्री अंथरुणात ठरवलं. पेट्रोलचा बंदोबस्त झाला की खोलीची गरज उरणार नाही. मग बघू, चहा किती ओतते ती.

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्याच्या चहाखान्यात त्यांनी विषय काढला, आणि ही पहिली चूक झाली. मोहल्ल्यात माणसाच्या धर्माबद्दल कुणी वाद घालत नसे, इंधनाबद्दल मात्र सख्खे भाऊ बोलेनासे झाले होते.

"गॅस घाला, दोमला, गॅस," शेजारचा तोष्तेमीर म्हणाला. त्याच्या गाडीत मिथेनचा सिलिंडर होता आणि त्याच्या बोलण्यातही तोच असे. "पेट्रोल म्हणजे सावत्र आई. मिथेन म्हणजे सख्ख्या आईचं दूध."

"आई रांगेत उभी करते का रे पोराला?" कापडवाला ओरिफजान म्हणाला. त्याने नुकतीच चिनी बनावटीची विजेची गाडी आणली होती. "मी तर पंपाचं तोंड विसरलो. अंगणातल्या भिंतीत वायर खुपसायची, सकाळी निघायचं."

"आणि मोहल्ल्याची वीज गेली होती तेव्हा?"

"तेव्हा तुझ्याच गाडीतून आलो ना."

हाशिमबोवांनी दाढीवरून हात फिरवला. ते सगळ्यांत वडील, म्हणून शेवटचा शब्द त्यांचा. "आम्ही समरकंदला गाढवावरून जायचो. गाढवाला ना रांग, ना वायर."

"परत कधी यायचात, बोवा?"

"परत यायची घाई कुणाला होती," बोवा म्हणाले, आणि सगळा चहाखाना हसला. दोमला हसले नाहीत. त्यांना घाई होती.

तोष्तेमीर जिंकला, कारण तो शेजारी होता आणि उत्तर देईपर्यंत दारातून हलत नसे. आकाशी मोटार लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका माणसाने घेतली. नवरा-नवरीला तिला टेकून उभं करायचं होतं. म्हातारपणी तिला उभं राहायचंच काम मिळालं, हे बरंच झालं. ती जाताना महफुझाने तिच्या सीटचं आकाशी कव्हर तेवढं उतरवून घेतलं आणि का घेतलं ते सांगितलं नाही.

नवी गाडी म्हणजे सेकंडहँड, गॅसवर चालणारी आणि पांढरी. पांढरी का, असं कट्टाकुर्गानात कुणी विचारत नाही. सगळ्यांच्याच पांढऱ्या असतात. बाजाराबाहेर उभ्या राहिल्या की गाड्या आहेत की कापसाची गंजी, लांबून कळू नये. डिकीत सिलिंडर इतका ऐसपैस बसला होता की तिथे नानसुद्धा उभी राहिली नसती. त्यामुळे स्टेपनी पुढच्या सीटवर आली, आणि पोलीस ओरडू नये म्हणून दोमला तिला पट्टा बांधत.

गाडी नावावर करायला गेले तर खिडकीतला माणूस कागद बघून म्हणाला, "रंग 'दुधी' लिहिलाय. गाडी पांढरी आहे."

"दूध पांढरंच असतं ना, भाऊ."

"ते दूध झालं. रंग वेगळा. तज्ज्ञांना दाखवा."

तज्ज्ञ बाहेर आले, गाडीभोवती फिरले, आभाळाकडे बघून म्हणाले, "ढगात कळत नाही. ऊन पडल्यावर या." ऊन पडल्यावर गेले तर म्हणाले, "धूळ आहे. धुऊन आणा." धुऊन नेली तर ती लख्ख पांढरी निघाली आणि प्रकरण आणखी बिघडलं. बर्फ, मीठ आणि वाळू यांच्यावरून सूर्यप्रकाश कसा परततो, यावर दोमलांनी तिथे उभ्याउभ्या एक छोटं व्याख्यान दिलं. ते ऐकून मागच्या माणसाने आपला नंबर सोडला आणि घरी गेला. शेवटी तोष्तेमीर त्यांना गाडीसकट कापसाच्या शेतामागच्या मातीच्या रस्त्यावर घेऊन गेला, दोन फेऱ्या मारल्या, आणि परत आणली.

"हां," तज्ज्ञ म्हणाले. "आता दुधी."

नजर लागू नये म्हणून महफुझाने इस्रिकची धुरी केली आणि निखाऱ्यांची वाटी घेऊन ती गाडीला प्रदक्षिणा घालू लागली. डिकीपाशी पोचली तेव्हा तोष्तेमीर भिंतीवरून उडी मारून आला. "वहिनी, नजर परवडली. सिलिंडर आहे तो." मग धुरी अंगणाच्या पार त्या टोकाला ठेवली आणि दोमला वाऱ्याची दिशा बघून गाडी थोडी थोडी सरकवत राहिले. मोहल्ल्याला पुलाव घातला. प्रत्येकाने गाडीच्या टायरला एकेक लाथ मारून अभिप्राय दिला.

मग थंडी पडली.

थंडी पडली की गॅस माणसांची घरं ऊबदार ठेवायला जातो, आणि त्याबद्दल कुणी तक्रार करू नये. पंपावरचा दाब तेवढा उतरतो. गावाबाहेरच्या पंपापासून निघालेली रांग आधी डाळिंबाच्या बागेपर्यंत आली, मग कालव्यापर्यंत, मग कालवा ओलांडून पलीकडे गेली. दोमला समरकंदहून वेळेवर निघत, कट्टाकुर्गानच्या वेशीला वेळेवर पोचत आणि तिथे उभे राहत. घराची चिमणी तिथून दिसे. पियाला तिथून दिसत नसे. घरी पोचेपर्यंत महफुझा किटलीला टेकून झोपलेली असायची, चहा तीनदा तापून काळा पडलेला असायचा. संध्याकाळ घरी मिळावी म्हणून घेतलेली गाडी संध्याकाळच खाऊन टाकत होती. जुनी तरी पेट्रोल खायची.

काही दिवसांनी महफुझा म्हणाली, "अहो, ती रांग कुठे असते?"

दुसऱ्या दिवशी अंधारून येताना दोमला रांगेत स्टिअरिंगवर हनुवटी टेकून बसले होते. काचेवर टकटक झाली. महफुझा. हातात गोधडीत गुंडाळलेली किटली, रुमालात सामसे, नाकाचा शेंडा लाल. मागची सीट तिने झटकली, बसली, गोधडी पायांवर ओढली. दोमलांच्या छातीत काहीतरी पातळ होऊन वाहायला लागलं. मग तिने मागून हात लांब करून पियाला दिला.

काठोकाठ.

रांगेत गाडी कधी पुढे सरकेल सांगता येत नाही. पहिल्या गियरमध्ये, एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात काठोकाठ पियाला आणि मांडीवर गरम चहा, अशा अवस्थेत विजार आणि अब्रू दोन्ही कशी सांभाळायची, याचा अनुभव दोमलांना पुढे रोज येऊ लागला. महफुझा रोज यायची. सामसे रोज गरम असायचे. पण पियाला भरलेलाच. दोमला विचार करत: येते ती कर्तव्य म्हणून. मनातून सांगतेय, उठा, टोपी शोधा. विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. भूगोलाच्या माणसाला आतल्या गोष्टी विचारता येत नाहीत, असं ते स्वतःला समजावत.

प्राचार्यांना उत्तर द्यायच्या आदल्या संध्याकाळी धुकं उतरलं. झराफशानच्या खोऱ्यातलं ते जाड, लोकरीसारखं धुकं. समोरच्या गाडीचे लाल दिवे म्हणजे कुणीतरी विडी ओढत पुढे चाललंय, इतपतच दिसत होते.

पंपाच्या फाटकात प्रवाशांना उतरावं लागतं. गॅस भरताना गाडीत चालकाशिवाय कुणी बसायचं नाही, असा नियम. त्यामुळे फाटकाबाहेर पत्र्याखाली बायका, म्हातारे, बाळं, लग्नाचे वऱ्हाडीसुद्धा उभे असतात, आणि गाड्या पलीकडच्या दाराने भरून आल्या की जो तो आपल्या पांढऱ्या गाडीत शिरतो. महफुझा किटली पोटाशी धरून उतरली. गोधडी सीटवर राहिली. दोमलांनी गॅस भरला, पैसे दिले, बाहेर येऊन पत्र्यापाशी थांबले. मागचं दार उघडलं, कुणीतरी कण्हत आत बसलं, गोधडी खसखसली, दार लागलं. दोमला निघाले.

धुक्यात मागे वळून बघायची सोय नव्हती, आणि तेच बरं होतं. समोर बघत बोलणं त्यांना त्यातल्या त्यात सोपं गेलं असतं. कालव्याचा पूल ओलांडला तेव्हा त्यांनी घसा साफ केला.

"उद्या प्राचार्यांना सांगायचंय."

मागे गोधडी खसखसली.

"मला त्या वसतिगृहात राहायचं नाहीये. हीटर असला तरी. ही गाडी मी पेट्रोल वाचवायला घेतली असं सगळे समजतात. समजू देत. मी ती रोज घरी यायला घेतली. तू राहा म्हणालीस, पियाला भरून दिलास, मला वाटलं..." इथे त्यांनी उगाच वायपर चालू केला. "तुझ्या हातचा घोटभर चहा पोटात गेला नाही तर मला दिवस संपल्यासारखाच वाटत नाही. झालं. एवढंच सांगायचं होतं. आता तू म्हणशील तसं."

मग गोधडीतून एक जाड, खोकल्याने खरवडलेला आवाज आला.

"ऐकून मला फार बरं वाटलं रे लेका. पण मी तुझी बायको नाही."

दोमलांनी गाडी थांबवली. आरशात सुरकुतलेला एक गोड चेहरा होता, त्याभोवती त्यांचीच गोधडी.

"मी म्हटलं, आज जावई एवढं बोलतोय, याला झालंय काय," म्हातारी म्हणाली. "एरवी सलामाच्या पुढे जात नाही बिचारा. मध्ये बोलून त्याला लाजवावं असं वाटेना. पण वसतिगृह म्हणालास आणि कळलं. माझा जावई खाटीक आहे."

दोमलांनी फोन काढला. त्यात महफुझाचा नंबर 'घर' या नावाने होता. त्यांनी लावला.

"तुझी गोधडी वाजतेय रे," म्हातारी म्हणाली.

परतताना दोमलांना तो रस्ता दिसला नाही, नुसता जाणवला. महफुझा थंडीत एकटी उभी आहे. की कुणाच्या तरी गाडीत बसून कुठल्या तरी गावी पोचली? पत्र्याखाली ती नव्हती. समोर पांढऱ्या धुक्यात पांढऱ्या गाड्यांची ओळ होती, आणि सगळ्या त्यांच्याच होत्या.

"नर्गिझा," त्यांनी हाक मारली. "ए नर्गिझा."

फाटकावरचा रखवालदार धावत आला. "पोरगी हरवली? केवढी आहे?"

"सव्वीस वर्षांची."

"कपडे काय होते?"

"मला काय माहीत. ती ताश्कंदला असते."

"मग इथे हरवली कशी?"

"ती नाही हरवली. तिची आई हरवलीय."

रखवालदाराने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "दोमला, बाहेर थंडी फार आहे. आत बसता का?"

"अरे, बायकोला लेकीच्या नावाने हाक मारतोय तो," म्हातारी गाडीतून उतरत म्हणाली. "तू नाही मारत?" रखवालदाराने कानटोपी नीट केली; तोही मारत होता. म्हातारी दोमलांकडे वळली. "आमचे हे पण जन्मभर मला थोरल्याच्या नावाने हाक मारायचे. जाताना शेवटची हाक मारली, तीसुद्धा तशीच. आम्ही दोघं धावलो, मी आणि थोरला. हाक मला होती की त्याला, ते अजून कळलेलं नाही." तिने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने नाक पुसलं. "नीट हाक मार, लेका. तिचीच."

पंपावर गाड्यांचे नंबर पुकारायचा भोंगा होता. रखवालदाराने त्याचा माईक दोमलांच्या हातात दिला. शेकडो विद्यार्थ्यांपुढे बोलणाऱ्या माणसाने तो आधी उलटा धरला. ते नाव त्यांनी निकाहाच्या वेळी मुल्लांच्या तोंडून ऐकलं होतं, कागदांवर लिहिलं होतं, मनातल्या मनात तर कितीदा घेतलं होतं. तोंडाने कधी नाही.

"महफुझा," भोंगा म्हणाला.

गाडीच्या टपावर सोंगट्या खेळणारे थांबले. डाळिंबाच्या बागेतून आवाज परत आला.

"महफुझा, मी इथे आहे."

फाटकाच्या अगदी जवळच्या गाडीचं दार उघडलं. महफुझा उतरली, किटलीसकट. तिच्यामागून एक आडदांड माणूस उतरला, हातात काठोकाठ पियाला, चेहऱ्यावर घोर संकोच.

"जावई," म्हातारी म्हणाली, "तू इथेच?"

"गाडी बाहेर लावून तुम्हाला शोधायला गेलो, परत आलो तर या बसलेल्या," जावई कसाबसा म्हणाला. "चहा दिला त्यांनी. नाही कसं म्हणणार."

"मला वाटलं तुम्हीच," महफुझा दोमलांना म्हणाली. "चेहरा बघितला आणि कळलं. मग म्हटलं, परका माणूस, याला तरी भरूनच द्यावा." ती थांबली. "आत्ता हाक कुणी मारली?"

"मी."

"मला वाटलं, दुसरी कुणी महफुझा आहे. तिचा हेवा वाटला."

म्हातारी जावयाच्या गाडीत बसता बसता महफुझाच्या कानाशी वाकली. हळू बोलायची सवय तिला नव्हती, त्यामुळे अख्ख्या पत्र्याने ऐकलं. "याला वसतिगृहात धाडू नकोस गं. रडेल. मला सगळं सांगितलंय त्याने."

दोघं घरी निघाले. पुढच्या सीटवर स्टेपनी पट्टा बांधून समोर बघत बसली होती.

"मला वाटलं, तुम्हाला राहायचंय," मागून महफुझा म्हणाली. "आणि माझ्यामुळे अडून बसलायत. रोज दमून यायचात. म्हटलं, आपणच मोकळं करावं."

"आणि रांगेत यायचीस ती?"

"मोकळं केलं म्हणून बघायचं पण नाही का?"

मग मागून हात आला. दोमलांनी गाडी कडेला घेतली आणि पियाला हातात घेऊन दिव्याखाली धरला. तळ झाकला होता, एवढंच. त्यांनी घोट घेतला, पियाला मागे केला. पुन्हा तळापुरता आला. पुन्हा मागे गेला. चहा थंडगार होता, दोमला त्याच्या चवीबद्दल घरापर्यंत बोलत राहिले.

सकाळी गाडीच्या बाहेरच्या आरशाला जुन्या कव्हरच्या आकाशी कापडाची एक चिंधी बांधलेली होती. कापसाच्या गंजीतही आता गाडी लांबून ओळखू आली असती.

वसंतातल्या नवरोजच्या आसपास ऊन तापलं, पंपावर दाब आला आणि रांग आटत आटत फाटकापाशी येऊन ठेपली. तोष्तेमीर चहाखान्यात छाती काढून बसू लागला. वसतिगृहातली खोली रसायनशास्त्राच्या एका माणसाला मिळाली आणि हीटर चालत नाही म्हणून त्याने अर्ज केला. दोमला आपले रोज संध्याकाळी पंपावर येत, महफुझा बसने येऊन थांबलेली असायची, आणि मागच्या सीटवर ती बसते न बसते तोच त्यांचा नंबर लागायचा.

एका संध्याकाळी त्यांच्यापुढे एकच गाडी होती. तिसराही घोट झाला नव्हता. पुढची गाडी फाटकात शिरली. मागच्याने हॉर्न वाजवला, "दोमला, चला की, तुमचा नंबर."

दोमलांनी काच खाली केली, बाहेर हात काढला आणि मोठ्या अदबीने त्याला वाट करून दिली.

"तुम्ही व्हा पुढे, भाऊ," ते म्हणाले. मग त्याच्या मागच्यालाही. मग त्याच्याही मागच्याला. "महफुझा," ते समोर बघतच म्हणाले, आणि रिकामा पियाला मागे केला.